‘वीज’ या शब्दाचा वर्तमानपत्री इतिहास : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात

पावसाळ्याच्या तोंडावरील मराठी दैनिकात ‘वीज’ हा शब्द बहुधा दोन बातम्यांत येतो. एका बातमीत शेतावर वा माळावर असलेल्या माणसावर वीज पडते. दुसऱ्या बातमीत वाऱ्याने तारा तुटून गावाची वीज जाते. पहिली वीज आकाशातील, दुसरी तारेतील. वाचकाला या दोहोंतील भेद समजावून द्यावा लागत नाही. कारण तो भेद नाम दाखवीत नाही, क्रियापद दाखविते. पडते ती एक वीज आणि जाते ती दुसरी. हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की, एकाच शब्दाचे हे दोन संसार केव्हा व कसे वेगळे झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. शब्दाच्या अर्थाचा इतिहास कोशांत सापडतो. परंतु त्याच्या वापराचा इतिहास शोधावयाचा तर वर्तमानपत्राइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. कोशकार शब्दाला एकटा उभा करतो. बातमीदार मात्र त्याला कर्ता, कर्म, स्थळ आणि परिणाम यांच्यासह वाक्यात बसवितो, आणि तेही घाईने, म्हणजेच रूढ साच्यात. म्हणून बातमीचा साचा बदलला की, समाजाची त्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलली असे अनुमान करण्यास आधार मिळतो.

या अभ्यासासाठी कर्जत व खालापूर हे दोन तालुके निवडण्याचे कारण उघड आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाच्या तोंडाशी वसलेल्या या पट्ट्यातच खोपोली आणि भिवपुरी ही पश्चिम भारतातील आरंभीची मोठी जलविद्युत् केंद्रे उभी राहिली. तारेतील वीज मुंबईत वापरली गेली, पण ती तयार झाली येथे. वीज ‘पडते’ तेही येथेच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात घाटपायथ्याची भातशेते व उघडे माळ हे तिचे नेहमीचे स्थान. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच भूमीवर इतके जवळ नांदण्याची उदाहरणे थोडी आहेत.

जुनी वर्तमानपत्रे चाळणाऱ्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १८८२ च्या गॅझेटियरात कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात मोडतो व खालापूर त्याचा पेटा म्हणून येतो. पुढे हा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तेव्हा या परिसराची बातमी काळानुसार ठाणे, कुलाबा व रायगड अशा तीन मथळ्यांखाली शोधावी लागते. एकाच मथळ्यावर विसंबणाऱ्याच्या हाती निम्मा मजकूरही लागणार नाही.

१. पडणारी वीज

‘वीज’ हा शब्द संस्कृत ‘विद्युत्’वरून प्राकृत ‘विज्जु’च्या वाटेने मराठीत आला. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत त्याचा अर्थ आकाशातील वीज असाच आहे, आणि त्या काळी दुसऱ्या अर्थाची गरजही नव्हती. काव्यात आणि बोलीत वीज चमकते, लवते, कडाडते, नाचते. बातमीत मात्र यांपैकी जवळजवळ काहीच तिच्या वाट्याला येत नाही. तेथे ती केवळ पडते. याचे कारण बातमीच्या स्वभावात आहे. चमकलेली वीज हे वर्तमान होत नाही. पडलेली वीज मात्र माणूस, बैल, घर किंवा झाड यांची हानी करते, आणि हानी हे वर्तमान होते.

१८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले; १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ आणि १८४९ मध्ये पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ यांनी मराठी वृत्तलेखनाचा पाया घातला. ठाणे जिल्ह्यात १८६६ पासून ‘अरुणोदय’ होते. या पत्रांच्या पिढीने मराठी बातमीला जे साचे दिले, त्यांत अपघाताचा साचा विशेष टिकाऊ ठरला. ‘भिंत पडून’, ‘झाड कोसळून’, ‘विहिरीत पाय घसरून’ आणि ‘वीज पडून’ ही रूपे त्याच जातीची.

या साच्याचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत ‘-ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असतो. ‘तो जेवून गेला’ या वाक्यात जेवणारा व जाणारा एकच. ‘वीज पडून शेतकरी मेला’ या वाक्यात मात्र पडणारी वीज आणि मरणारा शेतकरी. भाषेने ही सवलत ज्या थोड्या ठिकाणी दिली, त्यांत अकल्पित कारणे मोडतात. अशा वाक्यात कारण असते, पण कारक नसतो. वीज पडली, कोणी पाडली नाही. म्हणून या बातमीत दोषी नाही, साक्षीदार क्वचित, आणि तपास तर नाहीच. उरतो तो केवळ पंचनामा.

लोकसमजुतीने ही रिकामी जागा आपल्या परीने भरली होती. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसावर वीज पडते, अशी समजूत महाराष्ट्रात दूरवर पसरलेली होती आणि ती पुरती नाहीशी झाली आहे असे म्हणता येत नाही. बळी पडलेल्याच्या जन्मातच कारण शोधणे हा त्या समजुतीचा गाभा. बातमीने समजूत वगळली, पण वाक्याची घडण तीच ठेवली. दैवाचे नाव गेले. दैवाचे व्याकरण मात्र राहिले. पुढील विवेचनात या गोष्टीला महत्त्व आहे.

२. तारेतील पण नाव नसलेली वीज

तारेतून वाहणाऱ्या शक्तीशी मराठी वाचकाची पहिली गाठ दिव्यातून पडली नाही, ती तारायंत्रातून पडली. १८५५ मध्ये तारायंत्र सर्वसामान्य जनतेस खुले झाले. १८५६ मध्ये बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू होऊन १८६३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला, आणि लोहमार्गाबरोबर तारही घाट चढली. म्हणजे खोपोलीला वीजकेंद्र होण्याच्या अर्धशतक आधीपासून या परिसराच्या डोक्यावरून विजेचा प्रवाह जात होता.

परंतु त्या प्रवाहाला व्यवहारात ‘वीज’ हे नाव मिळाले नाही. मराठीने साधनाचेच नाव शक्तीला आणि संदेशाला दिले. यंत्र ते तारायंत्र, कचेरी ती तारऑफिस, अधिकारी तो तारमास्तर आणि निरोप ती तार. ‘तार आली’ म्हटले की काय आले हे सर्वांस कळे. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता, कारण बातमीच आता तारेने येऊ लागली. तरीही बातमी आणणारी शक्ती आणि शेतावर पडणारी शक्ती मूलतः एक आहे, ही गोष्ट भाषेत उमटली नाही. ती पाठ्यपुस्तकात राहिली आणि तेथे तिच्यासाठी ‘विद्युत्’ हा तत्सम शब्द योजिला गेला.

येथे एक मौज घडली. इंग्रजीत आकाशातील विजेला एक नाव आणि शास्त्रातील शक्तीला दुसरे, अशी दोन भिन्न मुळांची नावे आहेत. मराठीत ‘विद्युत्’ आणि ‘वीज’ हे एकच शब्द असून एक पोथीतून परत आणलेला, दुसरा तोंडातोंडी झिजत आलेला. शास्त्राने पहिला उचलला, लोकांनी दुसरा राखला. अखेर तारेतील शक्तीचे नाव रोजच्या व्यवहारात ‘विद्युत्’ व्हावयाचे की ‘वीज’, याचा निकाल कोणत्याही परिभाषा-समितीने लावला नाही. तो बाजाराने, रस्त्यांवरील दिव्यांनी आणि वर्तमानपत्रांनी मिळून लावला.

३. ‘विजेची’ : षष्ठीचा काळ

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली होती. विजेवर चालणारी ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावू लागली. जुन्या ट्रामहून नव्या ट्रामचा वेगळेपणा सांगण्यासाठी विशेषण हवे होते, आणि ते ‘विजेची’ या षष्ठ्यन्त रूपाने पुरविले. विजेची ट्राम, विजेचे दिवे, विजेचा पंखा, पुढे विजेची आगगाडी. या टप्प्यात वीज स्वतः वाक्याचा कर्ता नाही. ती दुसऱ्या वस्तूच्या पाठीशी उभी राहून तिचे वैशिष्ट्य सांगते. घासलेटच्या दिव्याला ज्याप्रमाणे घासलेट, त्याप्रमाणे विजेच्या दिव्याला वीज. आकाशातील वीज कोणाच्या मालकीची नव्हती. षष्ठीने तिला प्रथमच वस्तूंच्या संसारात आणून बसविले.

याच काळात खोपोलीचे काम उभे राहिले. जमशेटजी टाटांच्या मनात घाटमाथ्यावरील पाण्यापासून मुंबईच्या गिरण्यांना शक्ती पुरविण्याची कल्पना होती. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळे येथे कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळे, वळवण व शिरवटे येथील तलावांचे पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणून पोलादी नळांतून सुमारे १७०० फूट खाली खोपोलीस सोडावयाचे, त्या जोराने चक्रे फिरवावयाची, निर्माण झालेली वीज उंच दाबाने तारांवरून मुंबईस न्यावयाची, आणि काम झालेले पाणी पाताळगंगेत सोडून द्यावयाचे, अशी ही रचना होती. पूर्वेकडे भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात जाणारे पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर सुरू झाले. त्याचे पाणी उल्हास नदीस मिळाले. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर कुलाबा जिल्ह्यातच भिरा येथील केंद्र चालू झाले.

या घटनांत वीज खोपोलीत जन्मली, पण ‘वीज’ या शब्दाचा नवा अर्थ मुंबईत जन्मला, ही गोष्ट नीट ओळखली पाहिजे. गिरणी, ट्राम, दिवा आणि पंखा या वस्तू मुंबईत होत्या. म्हणून ‘विजेची’ हे विशेषण जोडण्यास नामे तेथेच उपलब्ध होती. खोपोली–भिवपुरीच्या लोकांना जे दिसले ते तलाव, नळ, चक्रे, मनोरे आणि तारा. त्यांच्या बोलीत आले ते ‘पॉवरहाऊस’ आणि ‘टाटाचे पाणी’. हे दुसरे नाव केवळ बोलण्यापुरते नव्हते. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी उन्हाळ्यातही वाहते राहते. भिवपुरीच्या अशा पाण्यावर राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यात उन्हाळी भातही पिकू लागले. तात्पर्य, विजेचा जो अंश या परिसराच्या पदरात प्रथम पडला तो उजेडाचा नसून पाण्याचा होता, आणि बोलीने त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले.

नव्या अर्थाला मराठीत स्थिर करण्याचे काम वृत्तपत्रांबरोबर नियतकालिकांनीही केले. १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’सारख्या मासिकाने यंत्रे व कारखाने हा विषय मराठी घरांत नेला. यंत्रविषयक मजकूर वाचणारा नवा वर्ग तयार झाला, की बातमीदारासही वीज म्हणजे काय हे प्रत्येक वेळी उलगडून सांगण्याची गरज उरत नाही. शब्द स्वावलंबी होतो, आणि षष्ठीचा आधार हळूहळू सुटतो.

४. ‘पाण्याखाली गेली’

भिरा केंद्रासाठी मुळशी येथे धरण घालण्याचे ठरले तेव्हा मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्यातून ‘सेनापती’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९२४ अखेरपर्यंत चाललेल्या या लढ्याने पुण्याच्या वर्तमानपत्रांची बरीच जागा व्यापली. धरण झाले आणि पेट्यातील अनेक गावे बुडाली.

शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीने या लढ्याचे महत्त्व असे की, विजेच्या प्रश्नावर एवढा मोठा संघर्ष होऊनही त्यातील मुख्य शब्द ‘वीज’ हा नव्हता. तो ‘जमीन’ हा होता. एका बाजूस मुंबईच्या उद्योगांना लागणारी शक्ती, दुसऱ्या बाजूस मावळ्यांची वडिलार्जित जमीन. एकाच योजनेला मुंबईच्या बाजूने ‘विजेची योजना’ आणि मावळाच्या बाजूने ‘धरण’ म्हटले जाणे यातच वादाचे अर्धे स्वरूप आले. कोणत्या नावाने बातमी लिहिली जाते, यावरून ती कोठे उभे राहून लिहिली आहे हे कळते.

आणखी एक रूप याच वेळी ठसठशीत होते. जमिनी ‘पाण्याखाली गेल्या’, गावे ‘धरणात गेली’. मराठीत हे प्रयोग इतके रुळले आहेत की त्यांतील वगळलेला कर्ता कोणाच्या लक्षात येत नाही. जमीन आपण होऊन कोठे जात नाही. कोणी तरी निर्णय घेतो, कोणी भिंत बांधतो, कोणी भरपाई ठरवितो. ‘वीज पडून’ या अपघाताच्या साच्यात जो कर्तृत्वलोप निसर्गास शोभत होता, तोच येथे मानवी कृतीस लागू झाला. सत्याग्रहींची सारी धडपड या लोपाविरुद्ध होती असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. धरण आपोआप होत नसून ते बांधले जात आहे, हे वाक्य कर्तरी करणे हाच त्या लढ्याचा आशय होता.

५. पडणे आणि पाडणे

१९४२ मध्ये कर्जत परिसरात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम समोरासमोर आले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ मध्ये माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि आसपासच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा व धान्यकोठ्या चालविल्या. ‘चले जाव’ आंदोलनात भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे वीज वाहून नेणाऱ्या तारांचे पोलादी मनोरे पाडणे हा या दस्त्याच्या कार्यक्रमाचा प्रमुख भाग होता. १९४२ च्या उत्तरार्धात असे अनेक मनोरे पाडण्यात आले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

मनोऱ्यांचीच निवड का झाली, याचे उत्तर वीज कोठून कोठे जात होती यात आहे. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने युद्धासाठी राबत होते. त्यांची शक्ती ज्या तारांतून जाई, त्या तारा कर्जतच्या शेतांवरून व रानांवरून जात. ज्या खेड्यांत दिवेलागणीस घासलेटची चिमणी पेटे, त्याच खेड्यांच्या माथ्यावरून मुंबईचा उजेड वाहत होता. म्हणून या परिसरातील माणसाला मुंबईस न जाता मुंबईवर परिणाम घडविणे शक्य होते.

भाषेच्या दृष्टीने हा प्रसंग असाधारण आहे. ‘पडणे’ या अकर्मक धातूचे प्रयोजक रूप ‘पाडणे’. शतकभर विजेशी जोडलेल्या ‘पडणे’ला येथे प्रथमच प्रयोजक रूप मिळाले, आणि प्रयोजक रूपाबरोबर कर्ता आला. वीज पडली असे नव्हे, तर मनोरे पाडले. आजही या भागात स्मरण निघते ते ‘पायलन पाडले’ याच शब्दांनी. ‘पायलन’ हा इंग्रजी शब्द लोकांच्या तोंडी इतका बसला की, स्थानिक आठवणींत ‘मनोरा’ हा शब्द त्याच्यापुढे परका वाटतो.

त्या काळच्या छापील बातमीत मात्र हा कर्ता सरळ येऊ शकत नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने आंदोलनाच्या बातम्यांवर कडक निर्बंध घातले होते. छापता येण्याजोगा मजकूर अधिकृत पत्रकांच्या चौकटीत बसवावा लागे. अशा चौकटीत कृत्य कर्मणी प्रयोगात येते आणि कर्त्याच्या जागी ‘घातपात’ हे भाववाचक नाम बसते. घातपात झाला, मनोरा पाडण्यात आला. कर्ता यावयाचा तो फरारी अथवा गुन्हेगार म्हणून, आणि त्याच्या नावापुढे बक्षिसाचा आकडा घेऊन. स्वातंत्र्यानंतर तेच नाव हुतात्मा या पदवीसह छापले गेले. एकाच कृत्याच्या बातमीत काही वर्षांच्या अंतराने कर्त्याचे नाम, विशेषण आणि प्रयोग हे सारे पालटले. कर्म मात्र तेच राहिले. वृत्तपत्रे हे साधन म्हणून वापरताना असा पालट ओळखणे हे अभ्यासकाचे पहिले काम होय.

६. वीज येते, वीज जाते

स्वातंत्र्योत्तर काळात शब्दाचा चौथा टप्पा सुरू झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. नावात ‘विद्युत’ आले तरी लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यास ‘वीज मंडळ’ म्हटले. देयक ते वीज बिल झाले. आता ‘वीज’ हा शब्द षष्ठीच्या आधाराविना समासाचे पूर्वपद होऊ लागला : वीजपुरवठा, वीजदर, वीजकपात, वीजचोरी, वीजजोडणी. समासात प्रत्यय गळतो आणि वस्तू मोजता येण्याजोगी होते. जी विकता येते, तोडता येते आणि चोरता येते ती वीज आता निसर्गाची राहिली नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभी तुटवड्याच्या काळात ‘भारनियमन’ हा शब्दही बातमीत रुळला, आणि त्यात तर ‘वीज’ हे पदही उरले नाही. तुटवड्यास नियमनाचे नाव मिळाले.

बोलीने याच वेळी ‘लाईट’ हा शब्द जवळ केला. ‘लाईट गेली’ हे वाक्य कर्जतच्या बाजारपेठेत आणि ठाकरवाडीत सारखेच बोलले जाते. पण दोन्ही ठिकाणी ते सारख्याच काळापासून बोलले गेले नाही. ‘वीज गेली’ ही बातमी होण्यास वीज आधी आलेली असावी लागते. ज्या वाड्यांवर ती यायचीच होती, तेथील अंधार हा बातमीचा विषय होऊ शकत नव्हता. खोपोली १९१५ मध्ये आणि भिवपुरी १९२२ मध्ये वीज देऊ लागली, तरी डोंगरातील ठाकर व कातकरी वाड्यांपर्यंत ती पोहोचण्यास अनेक दशके गेली. तोवर त्या वाड्यांचे नाव विजेच्या संदर्भात वर्तमानपत्रात यावयाचे ते एकाच प्रसंगी, वीज पडल्यावर. शहरासाठी शब्दाचा अर्थ पालटून गेला असता त्याच अंकात वाडीसाठी तो जुनाच उरला होता. एका शब्दाचे दोन अर्थ एकामागून एक आले असे कोश सांगतो; ते एकाच वेळी निरनिराळ्या लोकांच्या वाट्याला आले, हे वर्तमानपत्र सांगते.

या टप्प्यात एक नवा अपघातही बातमीत आला. उघड्या वा तुटलेल्या तारेस स्पर्श होऊन माणूस अथवा जनावर मरते. हा मृत्यू आकाशातील विजेचा नाही. तार कोणी तरी ओढलेली असते, खांब कोणी तरी पुरलेला असतो, त्यांची देखभाल हे कोणाचे तरी कर्तव्य असते. तथापि बातमीचा साचा पाहिला तर तो जुनाच दिसतो. ‘विजेचा धक्का लागून मृत्यू’ या वाक्याची घडण ‘वीज पडून मृत्यू’ या वाक्याहून फारशी वेगळी नाही. तेच ‘-ऊन’, तोच कारणाचा परका कर्ता, आणि तोच कारकाचा अभाव. तार तुटली, धक्का लागला, माणूस मेला. तिन्ही क्रियापदे अकर्मक. एकोणिसाव्या शतकात निसर्गासाठी घडलेला साचा विसाव्या शतकात यंत्रणेच्या उपयोगी पडला. बातमीदाराचा यात हेतू असतोच असे नाही. रूढ वाक्य हाताशी असते आणि ते वापरले जाते. परंतु रूढीचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. ज्या मृत्यूची चौकशी व्हावयास हवी, तो मृत्यू व्याकरणाने दैवाच्या खाती जमा होतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून ‘वीज’ या शब्दाच्या वृत्तपत्रीय वापराचे चार टप्पे पाडता येतात. पहिल्यात ती पडते आणि निसर्गाची असते. दुसऱ्यात ती तारेत असते, पण तिचे नाव तार घेते. तिसऱ्यात ‘विजेचा-विजेची-विजेचे’ या षष्ठीने ती शहरी वस्तूंचे विशेषण होते. चौथ्यात ती समासात शिरून मापता, विकता आणि तोडता येणारी वस्तू होते. हे टप्पे एकमेकांस पुसून टाकीत नाहीत. पहिला अद्यापही दर पावसाळ्यात जिवंत आहे.

यातून अभ्यासपद्धतीविषयीही काही गोष्टी निघतात. जुनी वर्तमानपत्रे आता प्रतिमारूपाने उपलब्ध होत असून शब्द टाइप करून शोध घेणे सुलभ झाले आहे. पण केवळ ‘वीज’ हे रूप शोधणाऱ्यास ‘विजेचा’ सापडणार नाही, ‘तार’ सापडणार नाही आणि ‘धरणात गेली’ तर मुळीच सापडणार नाही. नामाबरोबर क्रियापद, विभक्ती आणि बातमीचे स्थळ ही तिन्ही टिपली पाहिजेत. किंबहुना कर्ता कोठे आहे हे पाहण्याइतकेच तो कोठे नाही हे पाहणे अगत्याचे आहे.

कर्जत–खालापूरच्या इतिहासात ही गोष्ट विशेष खरी ठरते. या भूमीने मुंबईस उजेड दिला, आणि त्या उजेडाच्या बातमीत ती फार थोडी दिसली. तिचे नाव ठळकपणे छापले गेले ते एकदा वीज पडली म्हणून आणि एकदा मनोरे पाडले म्हणून. या दोन क्रियापदांत एका मात्रेचे अंतर आहे. एकात माणूस सोसतो, दुसऱ्यात तो करतो. आणि या परिसराची वर्तमानपत्रे वाचणाऱ्याने प्रत्येक बातमीस विचारावयाचा पहिला प्रश्न हाच की, यांपैकी कोणते क्रियापद येथे वापरले आहे, आणि कोणते वापरावयास हवे होते.